साडेतेरा हजार किलोमीटर आणि वरचे अडीचशे

हॉस्टेलवर सकाळी पावणेसातच्या आत कुणाचा फोन वाजला तर तीनच शक्यता असतात. एक, अलार्म आहे. दोन, राँग नंबर आहे. तीन, घरी काहीतरी झालंय. शनिवार, २० सप्टेंबर २०२५. सकाळचे सहा चाळीस. फोन माझाच होता आणि स्क्रीनवर 'दादा' लिहिलेलं होतं.

"झोपलास का?"

"नाही, बोल ना."

"लॅपटॉप उघड. मला उद्या सकाळी साडेनऊच्या आत अमेरिकेत उतरायचंय. जमतंय का बघ."

मित्रांनो, मला आधी वाटलं दादा चेष्टा करतोय. दादा आमच्या घरी, जळकोटला होता. जळकोट म्हणजे लातूर जिल्ह्याचं पार टोक. पलीकडे नांदेड जिल्हा सुरू. आमच्याकडे सकाळी साडेनऊच्या आत उदगीरला पोचायचं म्हटलं तरी माणूस आदल्या रात्री गाडीची चौकशी करून ठेवतो. आणि हा म्हणतोय अमेरिका!

पण चेष्टा नव्हती. आदल्या रात्री, म्हणजे अमेरिकेतल्या शुक्रवारी, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशावर सही केली होती. एच-वन-बी व्हिसावर बाहेरून देशात येणाऱ्या माणसासाठी कंपनीने एक लाख डॉलर भरलेले नसतील तर त्याला प्रवेश नाही. एक लाख डॉलर म्हणजे त्या दिवशीच्या भावाने अठ्ठ्याऐंशी लाख रुपये. आदेश लागू कधीपासून? तर २१ सप्टेंबर, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळात रात्री १२ वाजून १ मिनिट. आपल्या घड्याळात रविवार सकाळचे ९ वाजून ३१ मिनिटं. जे आधीपासून नोकरीत आहेत आणि सुट्टीवर बाहेर गेलेत त्यांचं काय, हे कुणालाच नीट कळत नव्हतं. मोठमोठ्या कंपन्यांनी आपल्या माणसांना मेल पाठवले, जिथे असाल तिथून निघा आणि वेळेआधी परत या. सॅन फ्रान्सिस्कोला तर सुटायच्या बेतात असलेल्या विमानातून लोक उतरले, कारण देश सोडला आणि परत येता आलं नाही तर?

दादाच्या कंपनीचाही तसाच मेल आला होता. वहिनी आणि माझी सहा वर्षांची पुतणी तिकडे सॅन होजेला. पुतणीची शाळा चालू म्हणून त्या दोघी आल्या नव्हत्या. दादा एकटाच पंधरा दिवसांसाठी आला होता. परतीचं तिकीट २४ तारखेचं होतं.

हातात होते सव्वीस तास एक्कावन्न मिनिटं.

आता दादा नेमका याच दिवसांत का आला होता, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. आबांपर्यंत.

दादा पहिल्यांदा अमेरिकेला निघाला २०१९ मध्ये. तेव्हा मी नववीत होतो. सगळं गाव भेटायला येऊन गेलं आणि प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, पगार किती? आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, मात्र वेगळंच विचारलं. "किती शिदोऱ्यांचा रस्ता हाय?"

आबांचं माप ते होतं. ते तरुणपणी माळेगावच्या जत्रेला बैल घेऊन पायी जायचे. वीसेक कोस. दोन मुक्काम. म्हणजे चार शिदोऱ्या. कंधारचा बाजार असेल तर एक. किलोमीटर वगैरे त्यांना कळायचं, कळत नव्हतं असं नाही. पण ते म्हणायचे, किलोमीटर दगडावर लिहिलेलं असतं, शिदोरी पोटाला कळती.

दादाने माझा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला पृथ्वीगोल काढला. आजीच्या डब्यातला सुईदोरा आणला. हैदराबादवर दोऱ्याचं एक टोक धरलं, सॅन फ्रान्सिस्कोवर दुसरं, आणि दोरा ताणला. आबा डोळे बारीक करून बघत होते. त्यांचा अंदाज होता की दोरा पश्चिमेला जाईल, अरबस्तानावरून, युरोपावरून. सूर्य बुडतो तिकडं अमेरिका, असं सगळेच धरून चालतात. पण दोरा गेला सरळ वर. हैदराबादहून जवळजवळ उत्तरेला, हिमालय ओलांडून, तिबेट-चीनवरून, सैबेरियावरून, पार ७१ अंश अक्षांशाच्या वर बर्फाच्या समुद्रावर चढून, मग अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात.

"ह्यो उरफाटा रस्ता जवळचा कसा?" आबांनी विचारलं.

"गोल हाय ना आबा. टरबुजावरून मुंगी चालली तर ती मधल्या फुगीर भागाला वळसा घालून जाईल का? वरनं जाईल."

आता आपण इंजिनिअर होणारी माणसं, तेव्हा हे अंतर काढायचं कसं तेही सांगून टाकतो, व्हायव्हाला उपयोगी पडेल. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश घ्या, रेखांशातला फरक घ्या. अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, त्यात दोन्ही कोसाइन आणि रेखांशाच्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवा. जे येईल तो पृथ्वीच्या केंद्रापाशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन. हैदराबाद आणि सॅन फ्रान्सिस्कोसाठी हा कोन येतो साधारण १२१.८ अंश. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली की एका अंशाला १११ किलोमीटरच्या किंचित वर पडतात. उत्तर: साधारण १३,५४० किलोमीटर. पृथ्वीवर कुठल्याही दोन ठिकाणांत जास्तीत जास्त अंतर असू शकतं ते सुमारे २०,००० किलोमीटर, कारण त्याच्या पुढे गेलात की तुम्ही परत जवळ यायला लागता. म्हणजे माणूस घरापासून जितका लांब जाऊ शकतो त्याच्या दोन तृतीयांश लांब आमचा दादा चालला होता.

मी आबांसाठी त्याचे कोस केले. सव्वातीन किलोमीटरला थोडा कमी असा कोस धरला तर चार हजार दोनशेच्या वर. बैलांसोबत दिवसाला दहा कोस, म्हणजे सव्वाचारशे मुक्काम. आबा हसले. "पोचस्तोवर बैल म्हातारी व्हतील की रं!"

"पण विमान तासाला नऊशे किलोमीटर जातं आबा. पंधरा तास."

"पंधरा तास?" आबा गंभीर झाले. "म्हंजी दोन शिदोऱ्या. मग तर माळेगावपेक्षा जवळ हाय."

त्या एका वाक्यावर आमचं घर निर्धास्त झालं. अमेरिका माळेगावपेक्षा जवळ. आजी तर ज्याला त्याला तेच सांगायची.

पुढे या पंधरा तासांच्या बातम्या मी हौसेने वाचायचो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सोबतच्या सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला थेट विमान आणलं. जवळपास चौदा हजार किलोमीटर, उत्तर ध्रुवावरून, सतरा तासांच्या आसपास. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को थेट सुरू झालं. मी दादाला फोनवर म्हणायचो, बघ, जवळ येत चाललास.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आबा गेले. पहाटे साडेपाचला. दादाला लगेच फोन केला, तिकडे आदल्या दिवसाची दुपार होती. अण्णांनी विचारलं, "किती वेळ थांबू?" दादा म्हणाला, "अण्णा, नका थांबू."

त्याने तो हिशेब मनातल्या मनात कधीच करून ठेवला असणार. परदेशात राहणारा प्रत्येक मुलगा करून ठेवतो, हे मला आता कळतंय.

दुपारी चारला माती झाली. दादा घरी पोचला तो तिसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीनंतर साडेबाराला. फोन आल्यापासून त्रेचाळीस तास. नंतर कधीतरी त्याने मला त्याची फोड करून सांगितली. तिकीट मिळेपर्यंत नऊ तास. घरून निघून विमान सुटेपर्यंत चार. सॅन फ्रान्सिस्को ते आखात सोळा. आखातातल्या विमानतळावर बसून चार. तिथून हैदराबाद साडेतीन. इमिग्रेशन आणि सामान एक. हैदराबाद ते जळकोट रात्रीच्या रस्त्याने साडेपाच. बेरीज करून बघा. त्रेचाळीसपैकी आकाशात साडेएकोणीस तास, आणि जमिनीवर साडेतेवीस! विमानाचा वेग कितीही वाढवा, दादा आबांच्या मातीला पोचला नसता.

सकाळी राख सावडताना तो आमच्यासोबत होता. एक शब्द बोलला नाही. परत जाताना आजीला एवढंच म्हणाला, "एका तरी वर्षी पित्रांना मी येणार."

तर त्यासाठी तो आला होता. २१ सप्टेंबर २०२५ ला सर्वपित्री अमावास्या होती. आबांच्या नावाने पान वाढायचं, घास ठेवायचा, आणि हे सगळं दादाच्या हाताने व्हायचं होतं. मीसुद्धा शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने निघणार होतो. आणि नेमका तो मुहूर्त साडेनऊचा. एकीकडे पान, दुसरीकडे वहिनी आणि ती पोर.

आता परत हॉस्टेलवर या.

साडेसातला दादा आणि अण्णा भाड्याची गाडी करून निघाले. आधी निघू, मग ठरवू, असं. इकडे माझ्या रूमवर दहा मिनिटांत सात जण जमले. कुणाला बोलावलं नव्हतं. आपल्या हॉस्टेलची हीच तर खासियत आहे, परीक्षेच्या नोट्स मागा, कुणी दार उघडणार नाही, पण कुणाच्या घरचं काही निघालं की चादरीसकट लोक हजर. एकाकडे लॅपटॉप, दुसऱ्याकडे मोबाईलवर तिकिटांच्या साइट, तिसऱ्याने माझ्या थर्मोडायनॅमिक्सच्या वहीचं शेवटचं पान फाडून वेळापत्रक मांडायला घेतलं. रेक्टर सर फिरत आले. एरवी एवढी गर्दी बघून रजिस्टर काढलं असतं. त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले, "वायफाय स्लो असेल तर माझ्या ऑफिसात बसा."

पहिला हिशेब आला तेव्हा आम्ही अक्षरशः टाळ्या दिल्या. रूममेट म्हणाला, "जळकोट ते हैदराबाद विमानतळ चौपदरी रस्ता आहे ना रे? साडेचार तासांत पोचतील, बाराला!" मी बघितलं तर त्याने नकाशावर निवडलेलं जळकोट तुळजापूर तालुक्यातलं. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं. आमचं जळकोट त्याच्या खाली दुसऱ्या ओळीत होतं. उदगीर, बिदर, जहिराबाद करत जायचं, अडीचशेच्या वर किलोमीटर, आणि त्या महिन्यात पावसाने रस्त्यांची काय दशा केली होती ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. ऑगस्टमध्येच शेजारच्या मुखेड तालुक्यात पुराने गावं पाण्याखाली गेली होती, माणसं गेली होती. सहा तास धरा. दीड वाजता विमानतळ. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी. म्हणजे साडेचारच्या आधीचं विमान नाही.

मग एकेक रस्ता तपासला.

हैदराबादहून थेट सॅन फ्रान्सिस्को? असतं तर सोळा तास. साडेचार अधिक सोळा, सकाळी साडेआठ. जमलं असतं! पण हैदराबादहून थेट विमानच नाही.

दिल्ली? दिल्ली ते न्यूयॉर्क अंतर ११,७५० किलोमीटरच्या आसपास. पण आम्हाला जी थेट विमानं सापडली ती मध्यरात्रीनंतर सुटणारी. शिवाय पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं होतं, सप्टेंबरातही ते बंदच होतं. त्यामुळे आपली दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमानं वळसा घालून जात होती, काही तर वाटेत युरोपात इंधनासाठी उतरत होती. दोरा ताणून काढलेली सरळ रेषा पुस्तकात असते. खऱ्या आकाशात देशांची भांडणं असतात. युरोप-अमेरिकेच्या विमानांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे, ती त्यांच्या वळशाने जातात.

मुंबई? जळकोटहून मुंबईला जाण्यातच दिवस संपला असता. नांदेडला विमानतळ आहे. उडान योजनेत २७ एप्रिल २०१७ ला देशात जी पहिली विमानं उडाली त्यात नांदेड-हैदराबाद होतं. पुढे ती कंपनी २०२२ मध्ये बंद पडली, २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने सेवा सुरू केली. पण त्या दिवशी तिथल्या कुठल्याच वेळा आमच्या कागदावर बसल्या नाहीत.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा सिव्हिलवाला ओरडला, "ग्वाम!" आम्ही म्हटलं काय? "अरे ग्वाम बेट! पॅसिफिकमध्ये. अमेरिकेचं आहे. सगळ्यात जवळची अमेरिका ती!" मी लगेच कोसाइन मांडला. हैदराबाद ते ग्वाम, ७,१०० किलोमीटर. जवळजवळ निम्मं! पाच मिनिटं आम्ही सगळे ग्वामचे नागरिक झालो. पण तिकडे जायला मधे दोन ठिकाणी बदल, आणि लागणारा वेळ न्यूयॉर्कपेक्षा जास्त. निम्मं अंतर, जास्त वेळ. लहानपणापासून शिकलेलं 'वेळ म्हणजे अंतर भागिले वेग' हे सूत्र त्या दिवशी माझ्यासमोर आडवं पडलं.

आणखी एकाने शोधून काढलं की अबुधाबीच्या विमानतळावर अमेरिकेचं स्वतःचं इमिग्रेशन आहे, २०१४ पासून. तिथेच कागद तपासतात, मग पलीकडे उतरून सरळ बाहेर पडायचं. म्हणजे अमेरिकेची वेस हैदराबादपासून चार तासांवर! पण अबुधाबीत कागद तपासून झाले आणि विमान आकाशात असताना ९.३१ वाजले तर? तो माणूस वेळेत आला की उशिरा? यावर सात भावी इंजिनिअरांची सात मतं. शेवटी जागाच शिल्लक नाही असं साइटने सांगितलं, आणि वाद मिटला.

उरला नेहमीचा रस्ता. हैदराबाद ते आखात चार तास, तिथे किमान तीन तास, तिथून न्यूयॉर्क चौदा. एकवीस तास. साडेचारला निघून रविवारी दुपारी दीड. चार तास उशीर. तिकिटाचे भाव तर आम्ही बघत असतानाच दुप्पट झाले.

रूममध्ये शांतता झाली. मग कागदावर लिहीत बसलेला तो पोरगा हळूच म्हणाला, "तुझं घर हैदराबादमध्ये असतं ना, तर जमलं असतं रे."

मी कागद ओढून घेतला. खरं होतं. हैदराबादचा माणूस साडेसातला घरून निघाला असता, साडेदहाचं विमान धरलं असतं, एकवीस तासांनी सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला. दोन तास हातात ठेवून. त्याचे आणि आमचे साडेतेरा हजार किलोमीटर सारखेच. आम्ही हरलो ते वरच्या अडीचशे किलोमीटरने. साडेतेरा हजारांच्या मानाने दोन टक्केसुद्धा नाहीत. कुठल्याही प्रॅक्टिकलमध्ये ही चूक आपण 'निगलिजिबल' म्हणून सोडून देतो!

सव्वादहाला मी फोन केला. ते बिदरच्या अलीकडे एका टपरीवर थांबले होते.

"दादा, नाही जमत."

"ग्वाम बघितलास?"

म्हणजे त्यानेही बघितलं होतं! मला हसू आलं आणि रडूही.

"बघितलं. जास्तच वेळ लागतोय. चार तास उशीर होतोय कसंही केलं तरी. आणि उशिरा पोचलास आणि त्यांनी परत पाठवलं तर..."

तो बराच वेळ बोलला नाही. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मग फोन अण्णांनी घेतला. अण्णांनी आयुष्यात विमान जवळून पाहिलेलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "तू हिशेब दोनदा केलास का?"

"हाव अण्णा. सात जणांनी केला."

"मग झालं. आम्ही माघारी फिरतो."

नंतर दादाने सांगितलं, फोन ठेवल्यावर अण्णांनी पिशवीतून फडकं काढलं. आजीने पहाटे गडबडीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. विमानात खायला. दोघांनी त्या टपरीच्या बाकड्यावर बसून ते खाल्लं. दादा म्हणाला, पोटात भूक नव्हती, पण शिदोरी माघारी न्यायची नसते म्हणून खाल्लं.

मी संध्याकाळची एस.टी. धरून, उदगीरला बदलून, रात्री घरी पोचलो. कुणी फारसं बोलत नव्हतं. दादा ओसरीवर वहिनीशी फोनवर. पुतणीचा आवाज येत होता, "बाबा, तू कधी येणार?" आणि दादा, जो मला गुणिले-भागिले शिकवायचा, तो तिला आकडा सांगू शकत नव्हता. चोवीस तासांपूर्वी त्या पोरीला सांगायला त्याच्याकडे तारीख होती, वार होता, उतरायची वेळ होती. तेच विमानतळ, तेच विमान, तोच गोल. आणि अंतर? मोजताच येत नव्हतं.

पहाटे दोनच्या सुमारास दादाने मला हलवून उठवलं. बातमी आली होती. तिकडच्या सरकारने खुलासा केला, हा नियम नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे आधीपासून व्हिसा आहे त्यांना जा-ये करायला अडचण नाही. आम्ही दोघं अंधारात ओसरीवर बसून राहिलो. मला वाटलं तो नाचेल. तो नुसता म्हणाला, "बरं झालं तू नाही म्हणालास. आज मी कुठंतरी समुद्रावर असतो."

मला तेव्हा कळलं की जमत नाही म्हणून आपण घरी राहिलो, ते आबांच्या पानासाठी राहिलो असं झालं. हिशेब चुकीच्या प्रश्नाचा होता, उत्तर मात्र बरोबर निघालं.

रविवारी सकाळी घरात गडबड होती. मी मुद्दाम घड्याळाकडे बघत होतो. ९ वाजून ३१ मिनिटं झाली तेव्हा आई भजी तळत होती, आजी आमटीला फोडणी देत होती आणि दादा अंगणात दर्भ शोधत होता. काहीच झालं नाही. ज्या मिनिटासाठी जगभरातली माणसं आदल्या दिवशी विमानतळांवर धावली, ते मिनिट आमच्या अंगणातून एखाद्या चिमणीसारखं निघून गेलं. दुपारी दादाने पान वाढलं, घास ठेवला. कावळा लगेच आला नाही. आजी म्हणाली, "येईल. त्यालाबी लांबनं यायचं असतंय."

२४ तारखेला दादा ठरल्या तिकिटाने गेला. या वेळी मी सोबत हैदराबादपर्यंत गेलो. जहिराबाद ओलांडलं तसं मी त्याला विचारलं, "दादा, तुझ्या हिशेबाने अमेरिका किती लांब आहे रे?" त्याने थोडा विचार केला. "जायला की यायला?"

"दोन्हीकडं अंतर सारखंच की."

"अंतर सारखं हाय," तो म्हणाला. "जाताना तारीख असती. येताना फोन असतो."

मित्रांनो, आपल्यापैकी कित्येक जण उद्या असेच जाणार आहोत. पुण्याला, बेंगळुरूला, काही जण आणखी लांब. जा, जरूर जा. पण निघण्याआधी एकदा तुमच्या घराच्या दारापासून विमानतळाच्या दारापर्यंतचं अंतर तासांत काढून ठेवा. सगळ्या वेबसाइट विमानतळापासून मोजायला सुरुवात करतात. आपलं घर विमानतळावर नसतं. आणि हो, नकाशावर जळकोट टाकलं तर दोन येतात, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवा. तिथे कुणीतरी तुमची वाट बघत असतं.

दादाच्या हँडबॅगमध्ये त्या दिवशीही आजीचं फडकं होतं. मी विचारलं, "किती दिलेत?"

तो म्हणाला, "चार शिदोऱ्या. आजीनं आबांचा हिशेब दुरुस्त केलाय. म्हणाली, दोनवर भागत नाही, तिकडं थांबायबी लागतंय."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी